चुकारा कधी देता, ते आधी सांगा

सेंद्रिय कापसाचा टी-शर्ट हजार-बाराशेला का, असं विचारलं की ब्रँडवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं: शेतकऱ्याला जादा भाव देतो ना! हिशेब मांडून बघू.

१८० जीएसएमच्या (चौरस मीटरला १८० ग्रॅम कापडाच्या) मध्यम मापाच्या टी-शर्टचं वजन साधारण १७० ग्रॅम. कटिंगमध्ये पंधरा-वीस टक्के कापड कातरणात जातं, विणाई-रंगाईत थोडी घट येते, आणि कोम्ड, म्हणजे विंचरलेलं सूत काढताना रुईचा (सरकी काढलेल्या कापसाचा) जवळजवळ चौथा हिस्सा बाहेर पडतो. म्हणजे रुई लागली ३०० ग्रॅम. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३४ किलो, बाकी बहुतेक सरकीच, म्हणजे बी. असं उलटं मोजत गेलं की एका टी-शर्टला ९०० ग्रॅम कापूस पडतो. २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. त्यावर १० टक्के जादा दिले तरी एका टी-शर्टमागे शेतकऱ्याच्या हाती येतात ७ रुपये ३० पैसे.

उरलेली महागाई छोट्या लॉटची, प्रमाणपत्रांची आणि परत येणाऱ्या कुरियरची. ती खरी आहे, पण ती शेतकऱ्याच्या नावावर खपवू नका.

आता मुद्द्याचं. विदर्भात वेचणी दसरा-दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. वेचणीची मजुरी किलोवर आणि रोख, ती थकवून चालत नाही. दारात खेडा खरेदीवाला काटा घेऊन हजर. भाव पाडून मागतो, पण पैसे तिथल्या तिथे. आणि आपला नैतिक खरेदीदार सांगतो, बीटी चाचणीचा (कापूस जनुक बदललेल्या बियाण्याचा नाही ना, हे बघणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट येऊ द्या, मग चुकारा, म्हणजे मालाचे पैसे काढू. तीन वर्षं राखलेल्या रानातला कापूस अशाने साध्या ढिगात जातो. मग जिनिंगमध्ये (रुई-सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात) सेंद्रिय मालाचा तुटवडा पडतो आणि तो भरून काढायला कागद पुढे सरसावतात. २०२० साली भारतातल्या २०,००० टन कापसावर बनावट सेंद्रिय प्रमाणपत्रं चढल्याचं सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या खुद्द गॉट्सनेच जाहीर केलं होतं.

उपाय अवघड नाही, फक्त भांडवल अडकतं. काट्यावर ७० टक्के, उरलेले रिपोर्टनंतर, पण पंधरा दिवसांच्या आत. ही अट करारात मराठीत लिहा. बिगर-बीटी बियाणं ऐन पेरणीला मिळत नाही. 'सूरज'सारखं सरळ (संकरित नसलेलं) वाण मे महिन्यातच गावात पोचवा. वेचलेला माल कापडी गाठोड्यांत भरा. प्लास्टिक पोत्याचा एक तंतू सुतात गेला तरी त्याला रंग लागत नाही आणि गडद कापडावर पांढरी रेघ उमटते.

चाचणी जिनिंगच्या दारातच करा, सरकीवर. ब्लीच-रंगाई झालेल्या कापडावर ती भरवशाची राहत नाही, तेव्हा 'तयार कपडा तपासून देतो' म्हणणाऱ्याला हात जोडा. आधीच्या लॉटची सरकी आणि रुई जिनिंगच्या डबल रोलर मशीनच्या आसपास अडकलेली असते. मशीन झाडून घेतलं तरी रुईची पहिली गाठ बाजूला काढायची, सेंद्रियात मोजायची नाही. १७० किलोंचा तोटा दिसतो, म्हणून नेमकं हेच टाळलं जातं.

कागदांचंही तसंच. स्कोप सर्टिफिकेट म्हणजे त्या युनिटला सेंद्रिय माल हाताळायची परवानगी, इतकंच. तुमच्या हातातलं कापड सेंद्रिय आहे हे सांगतं ते ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, आणि त्यावर वजन असतं. सूत किती, कापड किती, कपडे किती, हे जुळवा. १०० किलो सुतातून १०० किलो कपडे निघत असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. शिलाई युनिट प्रमाणित नसेल, तर कापड कितीही शुद्ध असो, कपड्यावर गॉट्सचा शिक्का लावता येत नाही.

आणि सेंद्रिय म्हणजे आपोआप फेअरट्रेड नव्हे. गॉट्सचे निकष जिनिंगपासून पुढचे. शेतकऱ्याला भाव काय मिळाला हे त्यात येत नाही. फेअरट्रेडमध्ये किमान भाव आणि वर प्रीमियम असतो, तो कशावर खर्चायचा हे शेतकऱ्यांचा गट ठरवतो. पण फेअरट्रेड कापूस सेंद्रिय असेलच असं नाही. एका शिक्क्यावर दोन्ही दावे करणारे टॅग सर्रास दिसतात.

शिलाईवाल्या बायांचे पैसे ९० दिवसांनी देणारेही याच बाजारात आहेत. युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलं असेल तर ४५ दिवसांच्या पलीकडे कायदाच जाऊ देत नाही. तेवढं पाळलं म्हणून 'नैतिक' म्हणवून घ्यायचं कारण नाही.

टॅगवर शेतकऱ्याचा हसरा फोटो छापताच आहात, तर त्याखाली दोन तारखाही छापा: कापूस काट्यावर चढला ती, आणि चुकारा खात्यात पडला ती.