परतीची ओढ एवढंच नाही

‘विस्थापितांची कविता म्हणजे परतीच्या वाटेची कविता’ हे विस्थापितांच्या कवितेवरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. दाखला पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांचा दिलाय, पण त्यांचं अल-बिरवा गाव तर १९४८ मध्येच इस्रायली फौजांच्या ताब्यात गेलं. वर्षभरानं कुटुंब लपतछपत माघारी आलं तेव्हा गाव जमीनदोस्त झालं होतं. परतायचं कुठे, इथूनच त्यांची कविता सुरू होते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हे वेगळं सांगावं लागत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणानं अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली, बरीच कुटुंबं तळोद्याकडच्या सपाटीवर आली. तिथल्या वसाहतीत एका लग्नात मी रात्रभर बसलो होतो. म्हाताऱ्या बायका पावरीत, म्हणजे पावरा आदिवासींच्या बोलीत, गात होत्या, गाण्यात एकेका नाल्याचं, टेकडीचं, मोहाच्या झाडाचं नाव. मागून ओळी झेलणाऱ्या पोरींनी त्यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं, तरी एकही नाव चुकलं नाही. त्या गाण्यात ‘परत चला’ असं कुठेच नव्हतं. आम्ही कुठले, ते पोरींना पाठ करून देणं चाललं होतं!

लेखात आदिवासी कवी वाहरू सोनवण्यांचं नाव नाही, याचंही वाईट वाटलं. आणि छापील कवितेपुरतंच का थांबायचं? ही गाणी येणाऱ्या बायका आता थकल्यात. त्या आहेत तोवर कुणीतरी गाणी ध्वनिमुद्रित करावीत, मूळ पावरी देवनागरीत लिहून शेजारी मराठी अर्थ द्यावा.