मिस्त्री आहे, पण हँगर कुठाय? (चोर्ला रस्त्याच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर)

खानापूरकर, नमस्कार.

बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला रस्त्यावर सायकल बिघडली तर काय करावं, या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सुट्या भागांची ती यादी म्हणजे शहरी चोचले, गावोगावी सायकल मिस्त्री आहेत, त्यांना मी अडाणी ठरवतोय, आणि अगदीच अडलं तर फोन करून टेम्पो बोलवावा. शिवाय शेवटी विचारलंय, की साध्या सायकलची २८ ची (इंची) ट्यूब तुमच्या गिअरच्या हायब्रीड सायकलला चालेल का.

आधी मिस्त्र्यांबद्दल. त्यांच्या हाताबद्दल मी एक शब्द वावगा लिहिलेला नाही. आउट झालेलं चाक ही माणसं सायकल उलटी करून, फ्रेमला खडू नाहीतर नुसतं बोट टेकवून सरळ करतात. शहरातली चकचकीत दुकानं त्याच कामाला सायकल ठेवून घेतात. प्रश्न मिस्त्र्याच्या डब्यात काय असतं याचा आहे. गावात जी सायकल चालते तिचे भाग तिथं असणार: वॉलट्यूब, कॉटर पिन, छर्रे, २८ च्या चाकाचे स्पोक. त्यानं गिअरवाल्यांसाठी भांडवल का अडकवावं? म्हणून माझ्या यादीत तेवढंच आहे, जे त्या डब्यात मिळणार नाही.

सगळ्यात वर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती पट्टी. फ्रेम वाचावी म्हणून ती मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची करतात, आणि जवळपास प्रत्येक मॉडेलची वेगळी. सायकल उजव्या अंगावर आडवी झाली की ती आत वाकते. वरून सगळं ठीक दिसतं, माणूस उठून कपडे झटकतो, पुढच्या चढाला सगळ्यात मोठ्या चक्रीवर गिअर टाकतो आणि डिरेलर स्पोकमध्ये जातो. हँगर, डिरेलर, स्पोक सगळं एका दणक्यात. म्हणून पडल्यावर आधी मागं उभं राहून डिरेलर चक्र्यांच्या सरळ रेषेत आहे का ते बघायचं. मिस्त्री वाकलेला हँगर सरळ करून देईल, पण एकदाच. ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवलेलं सोसत नाही. तुटलाच तर डिरेलर काढून, चेन आखूड करून एकाच गिअरवर घर गाठता येतं. चेन पुढून मागं सरळ राहील अशी मधली चक्री धरायची, तिरकी राहिली तर ती आपोआप मोठ्या चक्रीवर चढायला बघते. जुन्या सायकलीत चाक मागं ओढून चेन ताणता येते, गिअरच्या बहुतेक सायकलींत मागचं चाक बसतं ती खाच उभी असते, चाक मागं सरकत नाही, त्यामुळे ताण जमवायचा तो कड्या काढूनच. चेन एका वेळी इंचभरच कमी होते, तेव्हा थोडं ढिलं चालवून घ्यावं लागतं. हे सगळं मिस्त्री करेल हो. पण खिशात हँगर असला तर काम अर्ध्या तासाचं.

चेनच्या जोडकडीचं तसंच. साध्या सायकलची चेन १/८ इंची, गिअरची त्याहून अरुंद, आणि ८, ९, १० गिअरच्या कड्याही एकमेकींना चालत नाहीत. आपल्या मापाच्या दोन कड्या काडेपेटीत मावतात. याला सामान वाहणं म्हणायचं?

अख्खी जादा ट्यूब घ्या म्हटलं, त्याला तुम्ही हसलात. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा! ओल्या रबरावर सोल्युशन धरत नाही. ट्यूब बदला, पंक्चर आडोशाला बसून काढा.

टेम्पो जरूर बोलवा, त्यात कमीपणा कसला. पण भीमगडच्या जंगलालगत फोनला रेंज मिळेलच असं नाही, आणि तिन्हीसांजेला गव्यांच्या वाटेवर थांबून राहणं मला तरी परवडत नाही. ब्रेव्हेवाल्यांची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्या सायकलस्वारांची, आणखी एक गोष्ट. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि आपली मदतीची गाडी कंट्रोल (वाटेतली हजेरीची ठिकाणं) सोडून इतर कुठं चालत नाही. वाटेतल्या दुकानदाराकडून काम करून घ्यायला मात्र हरकत नाही. म्हणजे तुमचा मिस्त्री तिथं नियमात बसतो, तुमचा टेम्पो बसत नाही.

आता ट्यूब. तुमचं टायर ३८-४० मिलिमीटरचं असेल तर २८ ची ट्यूब अडीनडीला चालते. ती किंचित मोठी पडते, तेव्हा घडी राहू देऊ नका, आधी थोडी हवा भरून मग बसवा. पण रिमचं भोक बघा. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचं भोक साधारण साडेसहा मिलिमीटरचं, साध्या सायकलचा व्हॉल्व्ह त्यातून जात नाही. मिस्त्री म्हणेल, कानस मारून देतो. रिम अरुंद असेल तर मारू देऊ नका. बारीक टायरच्या रोड बाईकला तर ही ट्यूब घालूच नका, घडी पडून वाटेतच फुटेल.