वरणाचं पाणी बाळाला, वरण आपल्याला?

‘बाळाच्या पहिल्या घासाचे सोनेरी नियम’ हा मेसेज मला तीनदा आला, मी तीनदा पुसला. परवा धाकट्या जावेकडे गेले तर तिने तो चक्क कागदावर उतरवून फ्रिजला चिकटवलेला. पुतण्या साडेसहा महिन्यांचा, नुकतंच उष्टावण झालंय. म्हणून हे लिहिणं.

नियम पहिला: आठवा महिना संपेपर्यंत फक्त वरणाचं पाणी आणि पेज, कारण ‘पचायला हलकं’. हलकं असणारच, त्यात आहे काय? माझ्यासमोर जावेने कुकरचं भांडं काढलं, डाळ तळाशी बसू दिली आणि वरचं पिवळं पाणी अलगद वाटीत ओतलं. आठ-दहा चमच्यांत बाळाने तोंड फिरवलं. पोट भरलं ना! तळाच्या डाळीला मग लसणाची फोडणी पडली आणि ती आम्ही दोघींनी भाताशी ओरपली. एवढंसं पोट पाण्याने भरलं तर जेवण मावणार कुठे? त्या पाण्यापेक्षा आईच्या दुधात जास्त ताकद असते. पूर्ण दिवसांच्या बाळाने पोटातून आणलेला लोहाचा साठाही सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं. त्याला एकटं वरणाचं पाणी जबाबदार नाही, कबूल. पण डाळ घोटून, मऊ भात कालवून, वर तूप घालून, चमच्यातून ओघळणार नाही इतकं दाट भरवायला अडतंय कुठे?

नियम दुसरा: रोज मधाचं बोट, म्हणजे सर्दी होत नाही. हा नियम नुसता खुळा नाही, घातक आहे. मधात बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची चिवट बीजं, असू शकतात. आपलं आतडं ते निभावतं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, लुळी पडलेली मान, पुढे श्वासाला धोका. मध शुद्ध असला किंवा उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. ‘आम्हाला चाटवला, काय झालं?’ असं सासूबाई म्हणाल्याच. हा आजार क्वचितच होतो, म्हणून आपण वाचलो. वर्ष होईपर्यंत मध नाही म्हणजे नाही.

अंडं आणि शेंगदाणा वर्षभर वर्ज्य? जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ची मार्गदर्शक सूचना नेमकी उलट आहे: सहा महिन्यांपासून मांस, मासे किंवा अंडं रोज असावं, ते जमत नसेल तिथे तर डाळी, दाणे, तीळ वरचेवर हवेतच. अख्खा दाणा मात्र घशात अडकतो. द्यायचा तो बारीक कूट करून, खिमटीत मिसळून. अंगावर जोरदार इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दात आल्याशिवाय घट्ट नको, म्हणे. बाळाच्या तोंडात बोट घालून बघा, हिरड्या काय करतात ते कळेल. मीठ-साखरेने चव लागते? लागते ती आपल्याला.

डब्यातल्या गोड पावडरी टाळा, हे तेवढं त्या मेसेजमध्ये बरोबर आहे. नाइलाजाने मान्य.

तो कागद जावेने काढला. मधाची बाटली मी येताना पिशवीत घालून आणली. घसा बसलाय, मलाच लागतोय.