शतावरी घ्यायची तर घ्या, पण थायरॉइडची गोळी कशाला बंद करताय?

रविवारी धाकट्या बहिणीच्या ड्रॉवरमध्ये थायरॉइडच्या गोळ्यांची अर्धी पट्टी दिसली, दोन आठवडे हात न लावलेली. का गं, विचारलं तर तिनं मोबाइलच पुढे केला. तोच तो फॉरवर्ड: शतावरीनं थायरॉइड आणि पीसीओडी (पाळी बिघडवणारा अंडाशयाचा त्रास) मुळापासून जातं, गोळ्या आजच बंद करा, दिवस राहिल्या राहिल्या सुरू करा, बाळंतिणीला दूध दुप्पट, आणि नैसर्गिक असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. तिचं बाळासाठी ट्राय चालू आहे, त्यामुळे माझं डोकंच फिरलं.

आधी थायरॉइडचं बघू. हायपोथायरॉइडमध्ये ग्रंथी पुरेसं हार्मोन बनवत नाही म्हणून तेच हार्मोन आपण गोळीतून घेतो. शतावरीच्या मुळीत ते नसतं, विषय संपला. "पण ताई, गोळी सोडून आठवडा झाला तरी मला छानच वाटत होतं." अगं वाटणारच! हे औषध शरीरात निम्म्यावर यायलाच साधारण 7 दिवस लागतात, म्हणजे सुरुवातीला तू आधीच्याच गोळ्यांच्या जोरावर चालत असतेस आणि नाव होतं शतावरीचं. थकवा, सूज, पाळी बिघडणं हे नंतर हळूहळू सुरू होतं. आणि मधेच दिवस राहिले तर? पहिले तीनेक महिने बाळ आईच्याच थायरॉइड हार्मोनवर असतं, त्याच्या मेंदूची वाढ त्यावर होते, शिवाय गर्भपाताची भीती वाढते ती वेगळीच.

दिवस राहिल्यावर स्वतःच्या मनानं शतावरी सुरू करणं हेही तसंच. 2006 मध्ये इंडियन जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल बायोलॉजीत गाभण उंदरांवरचा अभ्यास आला होता, शतावरीच्या मुळीचा अर्क दिल्यावर पिल्लांची वाढ खुंटली, व्यंगं दिसली. उंदीर म्हणजे माणूस नाही आणि अर्क म्हणजे चूर्ण नाही, मान्य. पण 'साइड इफेक्ट शून्य' म्हणायला आता तोंड उरत नाही. वैद्य गरोदरपणात शतावरी देतात, पण प्रकृती बघून, मात्रा ठरवून देतात.

दुधाचं थोडंफार खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. 2011 च्या 60 मातांवरच्या चाचणीत प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) वाढलेलं दिसलं. पण त्याआधी 1996 ला इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्समध्ये आलेल्या चाचणीत शतावरी असलेल्या औषधाचा प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच डोसपेक्षा) जास्त फायदा दिसला नव्हता. दुप्पट कुठून आणलं? बाळाला वरचेवर आणि नीट पाजणं हाच दूध वाढवायचा मुख्य उपाय.

पीसीओडी मुळापासून जातो वगैरे काही नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. आणि शतावरी कल्प घेत असाल तर डब्यावरचे घटक तरी वाचा, त्यात साखरच भरपूर असते, पीसीओडीसोबत इन्सुलिनची गडबड असलेल्या बाईनं ती रोज चमच्या-चमच्यानं खायची? स्तनाचा हार्मोनशी संबंधित कॅन्सर झालेल्या किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असलेल्या बायकांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये.

त्याच संध्याकाळी बहिणीनं डॉक्टरांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली, 6 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायचंय. कल्पाचा डबा फेकला नाही, वैद्यांना दाखवायला पिशवीत भरून ठेवलाय.