नुसत्या कोवळ्या उन्हानं भागत नाही
एका लेखात म्हटलंय लेकराला सकाळचं कोवळं ऊन दाखवलं की मुडदूस (हाडं मऊ पडून वाकतात तो आजार) होत नाही, पण त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्हीबी किरण फार कमी असतात आणि आमच्या लातूरकडं तर बाळंतिणीची खोली दारं-खिडक्या लावून बंद, लेकरू कानटोपीसकट दुपट्यात, ऊन लागणार कुठं? आईच्या दुधात पण ड कमीच, म्हणून पहिलं वर्षभर रोज ड जीवनसत्त्वाचे 400 आययूचे (आययू म्हणजे ते मोजायचं एकक) थेंब द्यायला सांगतात. बहिणीच्या पोराची मनगटं जाड झालती, आजी म्हणे बाळसं धरलंय! निघाला मुडदूस: एक्स-रेत हाडाची कड विस्कटलेली, रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांशी संबंधित एन्झाइम) वाढलेलं. थेंब देऊनही फरक नसेल तर फॉस्फरस तपासा, काही लेकरांत तो लघवीवाटे निघून जातो, तिथं नुसत्या ड नं काम होत नाही. अन् ती ड जीवनसत्त्वाची 60 हजार आययूवाली पुडी मेडिकलमधून मनानंच आणून पाजू नका राव.