टेकडी वाचली, पण गल्लीचं काय?

कोथरूडहून दादाचा फोन आला की गेलं वर्षभर विषय एकच, सोसायटीचं रीडेव्हलपमेंट. चार मजली इमारत पाडून बिल्डर टीडीआर, म्हणजे एका जागेवर न वापरता दुसरीकडे विकता येणारा बांधकामाचा हक्क, लोड करणार आणि अकरा मजले चढवणार. मी सहज विचारलं, "टीडीआर कुठून आणतोय?" तर म्हणाला, "असेल विकास आराखड्यातल्या कुठल्यातरी डीपी रस्त्याचा, नाहीतर टेकडीचा. बाजारातून घेतो तो. आपल्याला काय!"

ते "आपल्याला काय" माझ्या डोक्यात राहिलं. मी अमेरिकेत, मेरीलँडमधल्या मॉन्टगोमेरी काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) राहतो. वॉशिंग्टनला खेटून असलेला हा महागडा भाग, पण घरातून निघून थोडी गाडी हाणली की मक्या-सोयाबीनची शेतं सुरू होतात. ती शिल्लक राहिली टीडीआरमुळेच. १९८० मध्ये काउंटीने जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र, सुमारे ९३ हजार एकर, शेतीसाठी राखून ठेवलं. आधी पाच एकराला एक घर बांधता यायचं, ते पंचवीस एकराला एक केलं. शेतकरी चिडणारच. म्हणून त्यांना दर पाच एकरामागे एक हक्क दिला: तुमच्या शेतात बांधू नका, हा हक्क बिल्डरला विका, तो दुसरीकडे जास्त घरं बांधेल. जमीन शेतकऱ्याचीच राहिली, तो ती कसतोही. पन्नास हजारांहून जास्त एकर अशा व्यवहारांतून कायमचे सुरक्षित झालेत आणि त्या हक्कांचे पैसे बिल्डरांच्या खिशातून आले.

पुण्यात टीडीआरचा जन्मही महापालिकेच्या रिकाम्या तिजोरीतूनच झाला. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर रोख मोबदला आणखी जड झाला, मग रस्ता असो की बाग, जागेच्या बदल्यात डीआरसी, म्हणजे टीडीआरचं प्रमाणपत्र, हातात ठेवायचं. टेकड्यांचंही तेच. समाविष्ट २३ गावांमधल्या टेकड्यांवरच्या जैववैविध्य उद्यानासाठी, म्हणजे बीडीपीसाठी, सरकारने २०१५ मध्ये जागेच्या क्षेत्रफळाच्या ८ टक्के टीडीआर हा मोबदला ठरवला. तेव्हापासून भांडण आठ टक्क्यांचंच चाललंय. मालक म्हणतात ही चेष्टा आहे, टेकडीप्रेमी म्हणतात टेकडीला हात लावू नका. माझा कल टेकडीप्रेमींकडे आहे, पण मालकांचं गाऱ्हाणंही खोटं नाही.

या सगळ्या वादात हक्क सुटतो कुठून यावर रणं माजतात. तो जाऊन बसतो कुठे, हे कोणी विचारत नाही. टेकडीवर न झालेलं बांधकाम हवेत विरत नाही. ते दादाच्या गल्लीत उतरतं. तिथली ड्रेनेजची लाइन चार मजल्यांच्या काळातली आहे, आणि एका बाजूला गाड्या लावल्या की पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये बाहेर काढावा लागतो.

नियम नाहीत असं नाही. जानेवारी २०१६ च्या राज्याच्या धोरणाने ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यांवर टीडीआर वापरायला बंदी घातली. चांगलं केलं. मग २०२० मध्ये पुणे महापालिकेत प्रस्ताव आला की ६ मीटरचे ३२३ रस्ते ९ मीटरचे करायचे. नियमात बसायला रस्ताच रुंद, तोही कागदावर आधी! आणि रस्ता नऊ मीटर झाला म्हणून पाण्याची लाइन आपोआप जाड होत नाही.

इकडे हक्क कुठे उतरणार ते भाग काउंटीच्या आराखड्यात आधीच ठरतात. त्या भागातल्या लोकांना हे गोड वाटलं असं समजू नका. एक नागरिक संघटना थेट मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की किती जास्त घरं चालतील हे नुसत्या आराखड्यात लिहून भागणार नाही, झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय नि किती बांधायचं ते ठरवणाऱ्या कायद्यातच यायला हवं. काउंटीला सगळं नव्याने करावं लागलं. मला हेवा वाटतो तो याचा. भांडण झालं, पण ते हक्क उतरणाऱ्या गल्लीच्या बाजूने झालं. पुण्यात हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा दादाला त्याचा पत्ताही नसतो, आणि इमारत उभी राहिल्यावर हरकत घेऊन उपयोग काय?

मी हे सगळं त्याला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमची शेतं वाचली, छान. पण तुझ्या पोरीच्या शाळेतल्या बाईंना तिथे घर परवडतं का?"

नाही परवडत. त्या पलीकडच्या फ्रेडरिक काउंटीत राहतात आणि रोज सकाळी तासभर गाडी चालवत येतात. वाचलेली शेतं ओलांडून.

पुढच्या रविवारी दादाच्या सोसायटीची मीटिंग आहे. बिल्डरला कार्पेट एरिया नि कॉर्पस फंडाशिवाय आणखी एक गोष्ट विचारायचं त्याने कबूल केलंय: गल्लीतल्या बाकीच्या सात सोसायट्यांनीही टीडीआर लोड केला, तर पाणी कुठल्या लाइनमधून येणार?