गुडघ्यापर्यंत उडणारा डास

पावसाळा मुरला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. यंदा सोसायटीच्या ग्रुपवर तो तिघांनी टाकला, तिघांनीही खाली हात जोडून. मजकूर थोडक्यात असा: डेंग्यूचा डास गुडघ्याच्या वर उडत नाही, पायाला खोबरेल तेल चोळा, ते अँटिबायोटिक आहे. हा डास गटारात वाढतो आणि महापालिका धूर मारत नाही म्हणून साथ येते. प्लेटलेट लाखाच्या खाली गेल्या की चढवून घ्या, नाहीतर पपईच्या पानांचा रस प्या. ताप उतरला की सुटलात. एकदा झाला की परत होत नाही. आणि सरकार आकडे दडवतं.

तेलाचं आधी उरकतो. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास पायांना, घोट्यांना जास्त चावतो, एवढं खरं. पण ज्याच्या अळ्या उंच इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्यांत सापडतात, त्याला गुडघ्याची कसली हद्द? अँटिबायोटिकचं म्हणाल तर डेंग्यू विषाणूमुळे होतो. तिथे खरं अँटिबायोटिकही चालत नाही, खोबरेल तर फोडणीचंच. शिवाय हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी. रात्री मच्छरदाणी लावणारे आपण दुपारी बाळाला उघड्यावर झोपवतो, त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आता गटार. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो बहुतेक क्युलेक्स, म्हणजे हत्तीपायाचा रोग पसरवणारा दुसरा डास. एडिसला लागतं साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी: पिंप, कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टायर. आमच्याकडे आरोग्य खात्याच्या ताई तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी थेट फ्रिजमागचा ट्रे ओढला. वळवळ होती. मी तोवर गटाराबद्दल दोन तक्रारी करून मोकळा झालो होतो.

अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. पण पिंप नुसतं उपडं करून भागत नाही. मादी अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की उबतात. काथ्याने आतून घासायला हवं.

धुराचं मला नेहमी हसू येतं. गाडी आली की आपण पटापट खिडक्या लावतो, आणि एडिस बसलेला असतो आत, पलंगाखाली किंवा पडद्यामागे. धूर मारतो तो फक्त उडत्या, सापडलेल्या डासांना. अळ्यांना त्याने काही होत नाही, उद्या नवे डास तयार. रुग्ण सापडला की त्याच्या आणि शेजारच्या घरांत आतून फवारणी करण्याला अर्थ आहे. साठलेल्या पाण्यात अॅबेट हे अळीनाशक टाकणं, अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणं, घरोघर भांडी तपासणं ही खरी कामं, पण त्यांचा फोटो चांगला येत नाही. म्हणून नगरसेवकालाही धुराचीच गाडी लागते.

याचा अर्थ महापालिका सुटली असा नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. तिथल्या बाईने पिंप भरून ठेवू नये तर काय करावं? तिला कोरड्या दिवसाचं पत्रक देताना पाण्याचा हिशेबही द्यायला हवा. भांडायचं असेल तर यावर भांडा.

आकड्यांबद्दलची शंका अर्धी खरी आहे. सरकारी नोंदीत पक्का रुग्ण धरला जातो तो एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीने. पुण्याची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, यातल्या आयजीएम (रक्तातली प्रतिपिंडं शोधणाऱ्या) चाचणीचे किट देशभरच्या ठरावीक रुग्णालयांना पुरवते. खासगी लॅबमधल्या झटपट कार्ड-चाचणीत पॉझिटिव्ह आलेला माणूस त्या नोंदीत पक्का ठरत नाही, आणि कित्येकांची तर कुठे नोंदच होत नाही. आकडा कमी दिसतो याचं बरंचसं कारण हे. ते सुधारायलाच हवं, पण त्याला दडवणं म्हणणं वेगळं.

परत होत नाही, हेही चूक. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाने आलेली प्रतिकारशक्ती बाकीच्या तिघांपासून कायमची वाचवत नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराने गाठलं तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते.

राहिल्या प्लेटलेट आणि ताप. ही दोन्ही एकत्रच घ्यावी लागतील, कारण माणसं दगावतात ती इथे. रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवायचा विचार होत नाही, लाखाला तर नाहीच. बहुतेकांच्या त्या काही दिवसांत आपोआप वाढतात, आणि श्रेय त्या आठवड्यात जे पोटात गेलं त्याला मिळतं: पपईला, किवीला, शेळीच्या दुधाला. पपईच्या रसाने प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं, जीव वाचल्याचं नाही. कडू रसाने उलट्या सुरू झाल्या तर अंगातलं पाणी आणखी कमी होतं.

खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा. रक्त घट्ट होतं, रक्तदाब उतरतो. आणि हे घडतं बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरत असताना. म्हणजे ‘सुटलात’ म्हणून मेसेज ज्या दिवशी निश्चिंत करतो, नेमकं त्याच दिवसापासून पुढचे एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बसायचं असतं. तापाला पॅरासिटामॉलच, अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. पाणी, पेज, ओआरएस देत राहायचं. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, माणूस सुस्तावलाय किंवा पाच-सहा तास लघवी झालेली नाही, यातलं एक जरी दिसलं तरी तडक रुग्णालयात न्यायचं, रिपोर्टवर प्लेटलेटचा आकडा कितीही असो.